डेकलखालची हवा

गोव्यात पुतळे घडवायची हौस कुणाला शिकवावी लागत नाही. चवथीआधी माशेलच्या चित्रशाळांत माती मळली जाते आणि दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. तीच हौस आता काहींच्या टेबलावर १५ सेंटिमीटरांत मावते. बाजारातली एखादी ॲक्शन फिगर घ्यायची, तिचं डोकं बदलायचं, एमसीलने मिशा, मुकुट आणि ढाल घडवायची, वर काळा-तांबडा रंग द्यायचा, की हातपाय हलवणारा नरकासुर तयार. इथवर सरावलेला हात सहज पोचतो. अडतं ते बारीक कामापाशी. माणसाच्या उघड्या डोळ्याची रुंदी साधारण ३० मिलिमीटर धरली, तर १:१२ प्रमाणात ती होते अडीच मिलिमीटर. त्यात बुबुळ, बाहुली आणि पापणीची कड, आणि दोन्ही डोळे सारखे! ढालीच्या काठाची वेलबुट्टी तर याहून बारीक. एका इंचात ६०० ठिपके छापणारा साधा लेझर प्रिंटर मात्र त्या अडीच मिलिमीटरांत जवळजवळ ६० ठिपके बसवतो. म्हणून नक्षी संगणकावर काढायची, छापायची आणि छापलेली नक्षी पुतळीवर उतरवायची. पाण्यात भिजवून सरकवायच्या या नक्षीला डेकल म्हणतात.

डेकलचा कागद म्हणजे तीन थर. खाली पाणी पिणारा कागद, त्यावर डेक्स्ट्रिन नावाचा डिंक आणि सर्वांत वर पारदर्शक फिल्म. छपाई होते ती या फिल्मवर. डेक्स्ट्रिन स्टार्चपासून बनतं. स्टार्चच्या लांब साखळ्या उष्णतेने किंवा आम्लाने तोडल्या की आखूड तुकडे उरतात आणि ते पाण्यात चटकन विरघळतात. चाटून चिकटवायच्या पाकिटांवरही हाच डिंक वापरत आले आहेत. डेकल पाण्यात बुडवलं की पाणी मागच्या बाजूने कागदातून वर चढतं, डिंक सैल होतो आणि फिल्म मोकळी होते. पण डेकल पाण्यात तरंगत ठेवू नये. काही सेकंद बुडवून बाहेर काढावं आणि ओल्या कागदावरच मिनिटभर राहू द्यावं. फार वेळ बुडालं तर डिंक सगळाच धुऊन जातो, आणि फिल्मला पुतळीवर धरून ठेवण्यात त्याचाही वाटा असतो.

छपाई लेझरवर करायची की इंकजेटवर, हा प्रश्न आवडीचा नाही, रसायनाचा आहे. लेझरचं टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत पूड. प्रिंटरमधले तापलेले रोलर ती १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून कागदावर बसवतात. प्लास्टिकच ते, पाण्याला दाद देत नाही. इंकजेटची नेहमीची शाई पाण्यातली. तिचं डेकल तसंच बुडवलं तर डोळ्यांचं काजळ गालावर ओघळेल. म्हणून त्यावर आधी ॲक्रिलिक क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक वार्निशचे, दोन-तीन हलके फवारे मारून ते पूर्ण वाळवावं लागतं. दोन्हींचे कागद वेगळे मिळतात आणि ते अदलाबदल करायचे नसतात. इंकजेटच्या कागदाचा लेप तापलेल्या रोलरवर वितळून चिकटू शकतो. झेरॉक्सवाल्याकडे कागद घेऊन जाल तेव्हा तो लेझरचाच आहे हे त्याला वेष्टन दाखवून सांगा. त्याच्या मशीनची काळजी रास्त असते.

पहिल्यांदा डेकल करणारे हमखास अडखळतात ते पांढऱ्या रंगापाशी. घरच्या प्रिंटरमध्ये निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच रंग असतात. पांढरा तो छापतच नाही, कागदाचा पांढरेपणा उसना घेतो. पारदर्शक फिल्मवर उसना घ्यायला काहीच नसतं. शिवाय उरलेले रंगही झिरझिरीत असतात. खालून परतणाऱ्या प्रकाशातला काही भाग ते गाळतात आणि बाकीचा आपल्यापर्यंत येतो. नरकासुराच्या काळ्या छातीवरून प्रकाश परततच नाही, तेव्हा पिवळी नक्षी तिथे जवळजवळ दिसेनाशी होते. उपाय दोन. नक्षीच्या जागेपुरता खाली पांढरा रंग द्यायचा, नाहीतर पांढऱ्या फिल्मचा कागद घेऊन नक्षीच्या कडेकडेने नेमकं कापायचं. डोळ्यांसाठी मला पहिला उपाय पटतो. डोळ्याची खोबण पांढरी रंगवून ठेवली की पारदर्शक डेकल तिथे जिवंत दिसतं, कापलेली कडही लपते. जपानच्या आल्प्स कंपनीचे प्रिंटर पांढरा आणि धातूचे रंगही छापत. ते बंद झाले तरी हौशी लोक जुनी मशीनं अजून जपून वापरतात.

आता मुख्य गोष्ट. नीट छापलेलं, नीट कापलेलं डेकल लावलं, वाळलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर नक्षीभोवती रुपेरी धुरकट डाग. पुष्कळांना वाटतं डिंक पांढरा पडला. तसं नसतं. ती फिल्मखाली अडकलेली हवा असते.

मॅट रंग मॅट दिसतो तो पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे डोंगरदऱ्या दिसतात. फिल्म शिखरांवर टेकते आणि दऱ्यांत हवा राहते. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना थोडा परावर्तित होतो. किती, हे दोघांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. फिल्मचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि हवेचा १, म्हणजे अशा प्रत्येक सीमेवर समोरून येणारा साधारण ४ टक्के प्रकाश परततो. फिल्मखाली हवा असली की फिल्म ते हवा आणि हवा ते रंग अशा दोन जादा सीमा तयार होतात. मिळून ८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश रंगापर्यंत पोचायच्या आतच विखरून माघारी येतो. पांढऱ्या भिंतीवर हा आकडा कुणाच्या ध्यानातही येणार नाही, पण काळ्या छातीवर तो डोळ्यांत खुपतो. हवा नसेल तर फिल्म आणि खालचा रंग दोघेही १.५ च्या जवळपासचे. प्रकाशाला मग तिथे सीमाच जाणवत नाही, आणि फिल्म नजरेआड होते.

म्हणूनच अंतिम पुतळी मॅट हवी असली तरी डेकलआधी ग्लॉस क्लिअर मारतात. तो चकाकीसाठी नसतो, दऱ्या बुजवण्यासाठी असतो. डेकल लावून झाल्यावर वरून मॅट फवारायला कुणाची ना नाही. मधला ग्लॉस टाळून वेळ वाचवणाऱ्यांची मला खरोखर हळहळ वाटते, कारण इतकं बारीक काम तिथेच वाया जातं.

पाणी स्वतःही हवेला जागा देतं. त्याचा पृष्ठताण मोठा असल्यामुळे ते बारीक खाचांत शिरण्याऐवजी थेंब धरून बसतं. डेकल सेटर म्हणून मिळणाऱ्या द्रवांत पृष्ठताण कमी करणारे घटक असतात, काहींत व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्लही असतं. जागा त्याने ओली करून मग डेकल सरकवायचं आणि मधून कडेकडे कापसाच्या काडीने हलकेच दाबत पाणी बाहेर काढायचं.

खरी परीक्षा खांद्यावर, कवटीवर आणि फुगीर ढालीवर. घरात नारळ असेल तर त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा घट्ट बसवून पाहा. चुण्या पडतातच. तोच तुकडा बाटलीला गुंडाळला तर एकही चुणी नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये यामागचं कारण सिद्ध केलं. बाटली एकाच दिशेने वाकलेली असते, नारळ दोन्ही दिशांनी. दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग सपाट पत्र्याने ताणल्याशिवाय, चुरगाळल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय झाकता येत नाही. जगाचा सपाट नकाशा कुठेतरी खोटं बोलतोच, तो याच नियमामुळे. दंड, पोटरी, तलवारीची मूठ इथे डेकल निमूट बसतं, खांद्यावर ते गाउसचं ऐकतं.

कारखाने यातून वेगळ्या वाटेने सुटतात. तिथे सिलिकॉनचा मऊ गोळा कोरलेल्या पट्टीवरची शाई उचलून थेट खेळण्यावर दाबतात. ताणायचं काम गोळा करतो. आपल्याला फिल्म ताणावी लागते. मायक्रो सोल, मार्क सॉफ्टर यांसारखे द्रव फिल्मला तात्पुरतं मऊ करतात. ती आधी सुरकुतते आणि पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो. त्या वेळी बोट लावायचं नाही. द्रव उडून जाताना फिल्म आकसून पृष्ठभागाला बिलगते. तरीही नक्षी मोठी असेल तर ती तुकड्यांत कापावी किंवा कडेला बारीक छेद द्यावेत. गाउसला द्रवाने थोडं समजावता येतं, हरवता येत नाही. कोपर-गुडघ्याच्या सांध्यावर तर डेकल नेऊच नये. नक्षी सांध्याच्या अलीकडे संपवावी आणि पलीकडे पुन्हा सुरू करावी.

गोव्यात यात आणखी एक भिडू असतो, पाऊस. जुलैत २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो २६ अंशांच्या थोडा वर. म्हणजे पृष्ठभाग दोनेक अंशांनी थंड झाला की त्यावर पाणी धरणार. फवाऱ्यातला द्रावक उडताना पृष्ठभाग तेवढा सहज थंड करतो, आणि ओल्या वार्निशमध्ये पाण्याचे कण अडकून त्यावर पांढुरकी साय चढते. डेकल उत्तम बसलं असलं तरी ते या सायीखाली जातं. जानेवारीच्या दुपारी २७ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १९ च्याही खाली असतो. तेव्हा फवारा निर्धास्त मारावा.

कागदालाही ही हवा सोसत नाही. डेक्स्ट्रिन ओलावा ओढतं, ताव वाकडे होतात, आणि वाकडा ताव प्रिंटरमध्ये अडकतो. न वापरलेले ताव सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आडवे ठेवावेत. पावसाळा कोरण्याला, नक्षी संगणकावर काढण्याला आणि साध्या कागदावर छापून माप बघण्याला द्यावा. ते कागदी तुकडे पुतळीवर धरून पाहिले की कुठली नक्षी मोठी झाली आणि कुठली सांध्यावर येते हे डेकलचा महागडा ताव खर्ची न घालता कळतं. फवाऱ्याचं काम पाऊस परतल्यावर, कोरडा दिवस बघून हाती घ्यावं.