पुदिन्याचं सरबत खरंच थंड असतं का?

मे महिना आला की आमच्या इंदूरच्या नातलगांच्या ग्रुपवर एक निरोप हटकून येतो. 'रोज पुदिना-लिंबाचं सरबत घ्या, शरीराचं तापमान पाच अंशांनी उतरतं.' पाच अंश! ३७ मधून ५ गेले की ३२ उरतात. शरीराचं तापमान ३२ अंशांवर आलेला माणूस सरबत पीत बसत नाही, त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. यंदा हा निरोप रामबागेतल्या आत्याने पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे तरी मान.'

रविवारी मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि पेपरमिंटच्या चार गोळ्या खिशात घालून तिच्याकडे गेलो. माठातलं पाणी दोन पेल्यांत ओतलं. दोन्हींत काटा २६ वर. पहिला पेला तिला तसाच प्यायला दिला. मग एक गोळी चघळायला लावली आणि ती विरघळल्यावर दुसरा पेला पुढे केला. एक घोट घेऊन तिने डोळे मिटले. "हे फ्रिजमधलं आहे." मी थर्मामीटर बुडवून दाखवला, २६. "मला उल्लू नको बनवू," म्हणाली आणि काटा नीट दिसावा म्हणून पेला खिडकीपाशी घेऊन गेली.

पाणी तेच, जीभ तीच. बदल झाला होता तो जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर. तिथे पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनाची इवलीशी दारं असतात. त्यातल्या एकाचं नाव टीआरपीएम-८. एकसारख्या चार तुकड्यांचं कडं आणि मधोमध भोक, अशी त्याची घडण. तापमान साधारण २५ ते २८ अंशांच्या खाली उतरलं की हे दार उघडू लागतं, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत घुसतात आणि मेंदूकडे वर्दी जाते: गार! पेपरमिंटमधला मेंथॉल नावाचा रेणू याच प्रथिनाला येऊन चिकटतो, आणि मग २८ च्या वरही, अगदी तोंडातल्या नेहमीच्या तापमानालाही, दार किलकिलं होतं.

२००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन प्रयोगशाळांनी एकमेकींपासून स्वतंत्रपणे हे दार शोधलं. एक डेव्हिड ज्युलियस यांची, दुसरी आर्डेम पाटापुटियन यांची. ज्युलियस यांच्या गटाने त्याआधी, १९९७ मध्ये, मिरचीच्या तिखटाने उघडणारं उष्णतेचं दार हुडकलं होतं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना तापमान आणि स्पर्श टिपणाऱ्या अशा दारांच्या शोधासाठी मिळालं. दुकानाच्या चौकटीला शनिवारी टांगलेल्या लिंबू-मिरचीने कुणाची नजर अडत नाही, पण मिरचीने नोबेलपर्यंतचा रस्ता मात्र खरोखर दाखवला.

आता माझा आवडता भाग. मेंथॉल दार नेमकं उघडतो कसा? ज्यांना विजेचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ६० मिलिव्होल्टने ऋण असते. टीआरपीएम-८ हे दार या विद्युतदाबालाही दाद देतं. दाब धनाकडे गेला की ते सहज उघडतं, ऋणाकडे गेला की मिटून बसतं. कोमट तापमानाला ते उघडायला इतका मोठा धन दाब लागतो की जिवंत पेशी तिथवर पोचतच नाही. गारवा आला की ही मर्यादा ऋणाच्या दिशेला सरकते आणि पेशीच्या रोजच्या दाबालाच काही दारं उघडू लागतात. मेंथॉलही हीच मर्यादा त्याच दिशेला सरकवतो. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. एरवीच्या धक्क्याला ते हलत नाही. हवा कोरडी पडली की तोच धक्का पुरतो आणि बिजागरीला तेल घातलं तरीही पुरतो. दोन्ही झालं तर दार धाडकन भिंतीवर आपटतं. आत्याच्या दुसऱ्या पेल्यात तेच झालं. गोळीने तेल घातलेलं होतं, २६ अंशांच्या पाण्याने वरून हवाही कोरडी केली. दार गारव्याने उघडलं की मेंथॉलने, हे ओळखायची सोय पलीकडे बसलेल्या मेंदूकडे नाही.

पण आपण चर्चा करतोय ती पुदिन्याची आणि इथे एक गंमत आहे. मंडईत जुडीने मिळणारा पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असतो. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या रेणूचा, मेंथॉल त्यात नावापुरता. कार्व्होनही टीआरपीएम-८ ला चिकटतो, पण त्याचा जोर फार कमी. या कार्व्होनला एक जुळा भाऊ आहे. अणू तेच, जोडणीही तीच, फक्त डाव्या-उजव्या हातासारखी एकाची रचना दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. तो भाऊ बाळंतशोपेत सापडतो. एका हातात पुदिन्याची पानं आणि दुसऱ्या हातात बाळंतशोप चुरडून हुंगून बघा. नाकाला हा डावा-उजवा फरक लख्ख कळतो.

तर घरच्या सरबतात पुदिना येतो तो गारव्यापेक्षा वासासाठी, आणि वास सांभाळायचा तर मिक्सर बाजूला ठेवा. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं. पंधरा-वीस पानं साखरेबरोबर खलात घालून बत्त्याने हलकेच दाबली तरी त्या फुटतात. मिक्सरमध्ये अख्खं पान फाटतं, गवताचा उग्र कडवटपणा उतरतो आणि पानातली विकरं (एन्झाइम्स) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रस काळा पाडू लागतात. लिंबाचं आम्ल या विकरांना आवरतं, पण तेच आम्ल हरितद्रव्यातला मॅग्नेशियमही काढून घेतं. म्हणून दुपारी हिरवंगार दिसणारं सरबत रात्री खाकी होतं. ते बिघडलेलं नसतं. उलट हॉटेलात 'व्हर्जिन मोहितो' म्हणून येणारा पेला तासाभरानेही पाचूसारखा हिरवा असेल, तर तो रंग बाटलीतला समजावा. मोहितो मूळचा क्यूबाचा. त्यातून रम काढली की मागे उरतं ते आपलं सोडा घातलेलं पुदिन्याचं लिंबू सरबत, किंमत तेवढी तिप्पट.

दोनशे मिलिलिटर पाण्याला एक रसदार कागदी लिंबू, पाच चहाचे चमचे साखर, चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. सोडा घालायचा असेल तर अगदी शेवटी, आणि मीठ त्याआधी विरघळलेलं हवं. नाहीतर मिठाच्या कणांवर बुडबुडे धरतात आणि सगळा फेस ओट्यावर. (बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी: हे प्यायची इच्छा असेल तर इंदुरात 'शिकंजी' मागू नका. इथे त्या नावाने केशर आणि सुका मेवा घातलेलं घट्ट दूध येतं.) आणि 'लिंबू पोटात जाऊन रक्त अल्कलाइन करतं' हेही सोडून द्या. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, लिंबाला विचारत नाहीत.

मग अंग गार कशाने होतं? आत्याच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तीस अंशांच्या त्या दोनशे मिलिलिटर सरबतात बर्फाचे दोन खडे, म्हणजे तीस ग्रॅम. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. सरबत पंधरा-सोळा अंशांवर येतं. ते पोटात जाऊन ३७ ला पोचेपर्यंत शरीराची साधारण पाच किलोकॅलरी उष्णता घेतं. साठ किलोच्या माणसाचं तापमान त्याने उतरलंच तर एका अंशाच्या दहाव्या भागाइतकं. त्या पाच चमचे साखरेत, म्हणजे जेमतेम २५ ग्रॅममध्ये, ऊर्जा असते १०० किलोकॅलरी.

आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे सगळं झूठ?"

नाही, कारण पेल्यात सर्वांत जास्त असतं ते पाणी. तेच पुढे घाम होऊन त्वचेवर येतं आणि एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. दोनशे मिलिलिटर पाणी घामावाटे सगळं वाळलं तर ११५ किलोकॅलरीच्या वर, म्हणजे बर्फाच्या वीसपटीहून जास्त. अट एकच, घाम वाळायला हवा, नुसता टपकून उपयोग नाही. माळव्यातली मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून इथे हे जमतं. जुलैच्या दमट दुपारी त्याच पेल्याचं निम्मंही काम होत नाही.

आत्याने वही मिटली आणि उठून पंख्याचं बटण दोनवरून पाचवर नेलं.