डायबेटिस इन्सिपिडस: न भागणाऱ्या तहानेची पार्श्वभूमी

पुण्यात पेठेतल्या वाड्यापासून हिंजवडीच्या फ्लॅटपर्यंत, डायबेटिस म्हटलं की घरात पहिला हुकूम सुटतो तो साखर बंद करण्याचा. डायबेटिस इन्सिपिडसचा साखरेशी काडीचाही संबंध नाही. रक्तातली साखर नॉर्मल, लघवीत साखर नाही. पण दिवसाला ३ लिटरहून जास्त, कधी १५-२० लिटरपर्यंत पाण्यासारखी लघवी होते. रात्री उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत पुरत नाही. मग घरचे काळजीपोटी सांगतात, "पाणी कमी पी, म्हणजे सारखं उठावं लागणार नाही." एप्रिलात पारा चाळिशीला टेकलेला असताना हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

चरकसंहितेतल्या वीस प्रमेहांत उदकमेह आहे: स्वच्छ, भरपूर, वास नसलेली, पाण्यासारखी लघवी. तो म्हणजेच हा आजार, असं म्हणणं घाईचं होईल. पण गोड लघवी वेगळी आणि पाण्यासारखी वेगळी, हे इथल्या वैद्यांनी हेरलं होतं. युरोपात थॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये मधुमेहींच्या लघवीची गोडी नोंदवली. बिनगोडीचा प्रकार योहान पेटर फ्रांक यांनी १७९४ मध्ये वेगळा काढला.

बिघाड नेमका कुठे, हे मात्र पुढे शतकभर उमगलं नाही. १९१३ मध्ये इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन वेल्डेन यांनी स्वतंत्रपणे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क रुग्णांना टोचला आणि लघवी कमी झाली. म्हणजे मूत्रपिंडाला वरून काहीतरी सांगावा येत होता. केंब्रिजच्या व्हर्नी यांनी कुत्र्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत मिठाचं तीव्र द्रावण सोडलं, तर लघवी आटली. रक्त किती दाट झालं याचा अंदाज मेंदूच घेतो, हे त्यांनी १९४७ मध्ये मांडलं. रक्ताची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी पिट्यूटरीतून व्हासोप्रेसिन हे हॉर्मोन सुटतं; मूत्रपिंडाला मिळणारा सांगावा तो हाच. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी तसंही परत घेतलं जातं, पण शेवटच्या नलिकांतलं पाणी वाचवायचं की सोडायचं, हे या हॉर्मोनवर ठरतं. तिथे पाणी ज्या सूक्ष्म वाटांनी आत येतं त्या ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चं नोबेल मिळालं.

म्हणून आजार मुख्यत्वे दोन प्रकारचा. मेंदूतून हॉर्मोनच येत नाही, किंवा येऊनही मूत्रपिंड दाद देत नाही. दुसऱ्याचं एक कारण म्हणजे दीर्घकाळ घेतलेलं लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध. पहिल्यावर डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हासोप्रेसिनसारखं काम करणारं औषध, गुणकारी, दुसऱ्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. निदानासाठी पाणी बंद ठेवून चाचणी करतात, पण ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली: ठरावीक वेळाने वजन, लघवीची तीव्रता, रक्तातलं सोडियम. वजन फार उतरलं तर चाचणी तिथेच थांबते. घरी मात्र ही चाचणी कुणी चुकूनही करू नये. तहान हाच या रुग्णाचा आधार आहे.

रुग्णालयात दाखल झालेल्या अशा रुग्णांची साखर तपासली जाते आणि डेस्मोप्रेसिन द्यायचं राहून जातं, असं जगभर घडलं आहे. त्यात जीवही गेले आहेत. त्यामुळे २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नावं बदलून 'व्हासोप्रेसिनची कमतरता' आणि 'व्हासोप्रेसिनला प्रतिरोध' या अर्थाची केली. जुनं नाव लगेच जाणार नाही. तोवर फाइलवर दोन्ही नावं आणि डेस्मोप्रेसिनच्या वेळा ठळक लिहून घ्याव्यात.