शेजारच्या रेडिओ दीर्घिकांचे झोत खरोखर एकाच दिशेला असतात का?

नागपुरात आकाशनिरीक्षणाला जमणाऱ्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो की, शेजारच्या रेडिओ दीर्घिकांचे (रेडिओ लहरींत प्रखर दिसणाऱ्या दीर्घिकांचे) झोत, म्हणजे त्यांच्या केंद्रातून वेगाने बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या धारा, एकाच दिशेला असतात आणि हा योगायोग असूच शकत नाही. त्याचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांत आहे. कालेय तारकासमूहातील एका छोट्या क्षेत्रातील 64 झोत योगायोगाने अपेक्षित असतील त्याहून अधिक समांतर आढळल्याचे 2016 साली प्रसिद्ध झाले. निरीक्षण प्रामाणिक होते, परंतु त्यावरून साऱ्या विश्वाचा नियम काढणे ही घाई होती.

आकाशातील शेजार फसवा असतो. सेमिनरी हिल्सवरून रात्री एकमेकांना खेटून दिसणाऱ्या दोन दिव्यांपैकी एक फुटाळ्याच्या काठावर, तर दुसरा कित्येक किलोमीटर पलीकडे असू शकतो; दीर्घिकांच्या बाबतीत हेच अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांचे असते. 2020 साली लोफार या युरोपातील रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या 7,555 दीर्घिकांची तपासणी झाली, तेव्हा सपाट आकाशपटावर समांतरतेचा संकेत मिळाला खरा, पण अंतरे हिशेबात धरून खरे शेजारी जोडताच तो उरला नाही.