फरकातला फरक : चार सरासऱ्यांवर उभी असलेली पद्धत

१ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. मजुरी महागली की मालक माणसं कमी करणार, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं गणित. ते प्रत्यक्षात उतरतं का, हे तपासायला डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातली मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटं घेतली. वाढीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी कामगारांची मोजणी केली. पूर्णवेळ माणूस म्हणजे १, अर्धवेळ म्हणजे अर्धा. १९९४ साली हा अभ्यास छापून आला. कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात याचा मोठा वाटा आहे.

आकडे असे. न्यू जर्सीत दर रेस्टॉरंटमागे आधी सरासरी २०.४४ कामगार, नंतर २१.०३. पेनसिल्व्हेनियात आधी २३.३३, नंतर २१.१७. नुसती न्यू जर्सी बघितली तर वाढ जेमतेम ०.५९. पण त्याच काळात वेतन न वाढलेल्या राज्यात २.१६ ची घट झाली. वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही तेवढीच घट झाली असती असं मानलं, तर वेतनवाढीचा परिणाम ०.५९ अधिक २.१६, म्हणजे सुमारे २.७५. (छापील आकडा २.७६ आहे, तो पूर्णांकनामुळे.) रोजगार घटला नाही, उलट थोडा वाढला.

एका फरकातून दुसरा फरक वजा करायच्या या पद्धतीला 'फरकातला फरक' (difference-in-differences) म्हणतात. ती शिकायची असेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी या चार सरासऱ्या एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये (गटवार सरासऱ्या काढणाऱ्या तक्त्यात) काढाव्यात. डेटा उभा मांडायचा: एका ओळीत एक रेस्टॉरंट, एक वेळ. मग दोन डमी रकाने. न्यू जर्सी असेल तर १, नाहीतर ०. वाढीनंतरची मोजणी असेल तर १, नाहीतर ०. तिसरा रकाना या दोघांचा गुणाकार. कामगारसंख्येचं रिग्रेशन (एक आकडा इतर रकान्यांप्रमाणे किती बदलतो, ते काढणारं गणित) या तिघांवर केलं की स्थिर पद (तिन्ही रकाने ० असतानाची सरासरी) येतं २३.३३, न्यू जर्सीचा गुणांक उणे २.८९, 'नंतर'चा उणे २.१६, आणि गुणाकाराच्या रकान्यासमोर तोच २.७५. रिग्रेशनने इथे नवं काहीच शोधलेलं नाही. त्याचा उपयोग स्टँडर्ड एरर (उत्तर योगायोगाने किती इकडे-तिकडे होऊ शकतं, याचं माप) मिळवायला आणि साखळीचं नाव, मालकी असे जादा रकाने घालायला. रिग्रेशनचं उत्तर आणि पिव्होट टेबलचं उत्तर जुळत नसेल, तर बहुतेक वेळा गडबड गाळलेल्या ओळींमध्ये असते. कार्ड-क्रूगर यांनी कायमची बंद पडलेली रेस्टॉरंटं शून्य कामगार म्हणून धरली होती. ती नुसती गाळली असती तर टिकून राहिलेल्यांचीच तुलना झाली असती.

जादा रकाने घालतानाही सांभाळून. वेतनवाढीनंतर न्यू जर्सीत जेवणाचे दर चढले. तो दर कंट्रोल म्हणून (ज्याचा प्रभाव बाजूला काढायचा असा जादा रकाना म्हणून) घातला तर धोरणाच्याच परिणामाचा एक तुकडा आपण हिशोबातून वजा करतो. धोरणाने जे बदलू शकतं, ते कंट्रोल म्हणून घालायचं नाही.

आता त्या चार आकड्यांकडे परत एकदा बघा. उत्तराचा बहुतांश भाग न्यू जर्सीच्या वाढीतून आलेला नाही, पेनसिल्व्हेनियाच्या घटीतून आलाय. म्हणजे सगळी भिस्त तुलनेच्या गटावर. ती घट पेनसिल्व्हेनियाच्या स्वतःच्या काही कारणाने असेल तर? अनेक वर्षांचा डेटा असता तर आधीच्या काळात दोन्ही राज्यं समांतर चालत होती का, हे आलेखात बघता आलं असतं. इथे आधीची मोजणी एकच. त्यांनी काढलेली वाट मला या अभ्यासातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. न्यू जर्सीतच काही रेस्टॉरंटं आधीपासून ५ डॉलर किंवा जास्त देत होती, कायद्याने त्यांना फारसा फरक पडला नव्हता. त्यांच्यातली घट निघाली २.०४, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या जवळपास तितकीच. दोन वेगळ्या तुलना-गटांनी एकच साक्ष दिली.

एक तुलना अपुरी वाटली की दुसरी रचायची, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण बिहारचं. २००६ पासून तिथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये मिळू लागले. पण मुलींची पटसंख्या तशीही वाढत होती. म्हणून कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश यांनी तीन पायऱ्यांची वजाबाकी केली. योजनेच्या वयातली १४-१५ वर्षांची मुलं आणि ती संधी हुकलेली १६-१७ वर्षांची. मुली आणि मुलगे. बिहार आणि २००० पर्यंत त्याचाच भाग असलेला झारखंड. निष्कर्ष: मुलींचा माध्यमिक प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढला, मुलगे-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. आणि ही वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत दिसली. परिणाम सायकलचाच असेल तर तो तिथेच दिसायला हवा.

नवशिके सगळ्यात जास्त अडखळतात ते स्टँडर्ड एररपाशी. कार्ड-क्रूगर यांच्या २.७६ चा स्टँडर्ड एरर १.३६ होता, म्हणजे ९५ टक्क्यांचा पट्टा (खरा परिणाम बहुधा ज्यात असेल तो) साधारण ०.१ ते ५.४. पट्टा आधीच रुंद, आणि त्यातही प्रत्येक रेस्टॉरंट स्वतंत्र पुरावा धरलंय, जेव्हा कायदा बदलला एकाच राज्यात. एका राज्यातल्या सगळ्यांना एकच मंदी, एकच हवामान. मरियान बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी २००४ मध्ये राज्यांना मनाला येतील तसे खोटे कायदे 'लावून' पाहिले. नेहमीच्या पद्धतीने ५ टक्के पातळीवर (म्हणजे परिणाम नसताना तो शंभरात पाचदाच दिसायला हवा तिथे) अशा ४५ टक्क्यांपर्यंत खोट्या कायद्यांचा 'परिणाम' सापडला! निर्णय ज्या पातळीवर झाला त्या पातळीवर क्लस्टर करायचं, म्हणजे एका गटातल्या ओळी एकमेकींशी जोडलेल्या धरून स्टँडर्ड एरर काढायचा: राज्याचा असेल तर राज्य, शाखेचा असेल तर शाखा. क्लस्टर तीस-चाळीसपेक्षा कमी असतील तर तेही पुरत नाही, वाइल्ड बूटस्ट्रॅपसारखे (डेटात पुन्हा पुन्हा यादृच्छिक फेरफार करून अनिश्चितता मोजणारे) उपाय लागतात.

धंद्यातला डेटा आणखी दोन ठिकाणी फसवतो. समजा, विक्री पुण्यात १०० वरून १२० लाखांवर गेली आणि साताऱ्यात १० वरून १२ वर. टक्क्यांत दोन्ही समांतर, रुपयांत मुळीच नाहीत. लॉग घ्यायचा (म्हणजे बदल रुपयांऐवजी टक्क्यांत मोजायचा) की नाही, हे निकाल बघण्याआधी ठरवा. दुसरी गोष्ट टप्प्याटप्प्याने सुरू केलेल्या योजनांची. समजा, एखादी सवलत मुंबईत जानेवारीत, पुण्यात एप्रिलमध्ये, नागपुरात जुलैमध्ये आली. शहर आणि महिना यांचे डमी घालून एकच रिग्रेशन चालवलं, तर ते पुण्याची तुलना गुपचूप मुंबईशीही करतं, जिथे सवलत आधीच चालू आहे. मुंबईतला परिणाम अजून वाढत असेल तर ती वाढ पुण्याच्या खात्यातून वजा होते, आणि फायद्याची योजना तोट्याची दिसू शकते. अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये हे नीट उलगडून दाखवलं. उपाय सरळ आहे: प्रत्येक शहराची तुलना अजून सवलत न आलेल्या शहरांशीच करायची. नागपुरात सवलत पोचली की तुलनेला कुणी उरत नाही, म्हणून एखादं शहर शेवटपर्यंत सवलतीबाहेर ठेवायला योजना आखतानाच सांगावं लागतं.