रिकामं घर, भरलेलं घर : फिले क्रोशेची सुरुवात

पडद्याच्या काठाला लावलेली पांढरी विणलेली पट्टी आठवून पाहा, जिच्यावर गुलाबाची वेल किंवा एखादा पक्षी उमटलेला असतो. अगदी जवळ जाऊन बघितलं तर पक्षी कुठेच सापडत नाही. दिसतात ते बारीक बारीक चौकोन, काही उघडे, काही दोऱ्याने भरलेले. दोन पावलं मागे सरकलं की पक्षी परत दिसू लागतो. हेच फिले क्रोशे.

आम्ही क्रोशाचा दोरा आणि सुया विकतो. अशी पट्टी पाहून बहुतेक जण आम्हाला एकच विचारतात, ‘हे मला जमेल का?’ साखळी आणि खांब हे दोन टाके येत असतील तर नक्की जमेल. साध्या फिलेला तिसरा टाका लागतच नाही. लागतं ते मोजणं, आणि मोजायचं कसं हे एकदा कळलं की हात आपोआप चालतो. हे माहितीपत्रक त्या मोजणीसाठीच आहे.

हे आलं कुठून

फिले म्हणजे फ्रेंचमध्ये जाळी. मूळ फिले लेस क्रोशाची नव्हतीच. आधी गाठी मारून चौकोनी जाळी बनवायची आणि मग तिची हवी ती घरं सुईदोऱ्याने रफू केल्यासारखी भरायची, असं ते दोन टप्प्यांचं काम होतं. सोळाव्या शतकात युरोपात त्याचा बहर होता. १५८७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या फेदेरिको दे व्हिंचोलो यांच्या नमुनासंग्रहात चौकटींवर आखलेली अशी चित्रं आहेत. क्रोशाने हे दोन टप्पे एकत्र आणले, जाळी विणता विणताच ती भरायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर या प्रकाराची मोठी लाट आली.

त्या काळातलं एक नाव आम्हाला विशेष जवळचं वाटतं, ते ऑस्ट्रेलियाच्या मेरी कार्ड (१८६१–१९४०) यांचं. त्या शिक्षिका होत्या. ऐकू येणं कमी होत गेल्यामुळे त्यांना शिकवणं सोडावं लागलं आणि त्या क्रोशाचे नमुने आखू लागल्या. आपल्या देशातली फुलं आणि पक्षी त्यांनी चौकटींत बसवले. वाचताना डोळ्यांना त्रास होऊ नये इतक्या मोठ्या आकाराचे त्यांचे तक्तेही, म्हणजे चौकटींवर आखलेले नमुने, निघाले. चांगला तक्ता हाताशी असणं म्हणजे निम्मं काम झालं, असं आम्हीही मानतो.

दोरा आणि सुई

सुती दोरा घ्या, पीळ घट्ट असलेला, शक्यतो मर्सराइज्ड. कापसाच्या धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की तो जास्त मजबूत होतो, हे इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये शोधलं. पुढे १८९० मध्ये होरेस लोव यांनी धागा ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला ती ओळखीची चमक आली. फिलेत या दोऱ्याचा फायदा असा की खांब सरळ उभे राहतात आणि घराचे कोपरे नीट दिसतात. लोकरीसारख्या केसाळ धाग्यात कोपरे बुजतात आणि चित्र धूसर होतं.

दोऱ्याचा नंबर उलटा चालतो, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. सुरुवात १० नंबरने करा. त्याला साधारण १.५ मिलिमीटरची सुई लागते. २० नंबरला १.२५ च्या आसपासची. जुन्या पट्ट्यांचं नाजूक काम बघून बरेच जण पहिल्याच दिवशी ६० नंबर मागतात. आम्ही तो लगेच देत नाही, कारण त्या जाडीत चुकलेला टाका शोधण्यातच संध्याकाळ जाते.

रंगाबद्दल आमचं मत ठाम आहे. एकच रंग घ्या आणि पहिल्या कामाला तरी तो फिका असू द्या. गडद दोऱ्यात टाके दिसत नाहीत. छटा बदलणारा रंगीबेरंगी दोरा गुंडीत कितीही सुंदर दिसला तरी फिलेत तो चित्र गिळून टाकतो, कारण इथे सगळी गंमत भरलेल्या आणि रिकाम्या घराच्या फरकात असते.

एक घर म्हणजे किती टाके

खांब म्हणजे काय ते आधी पक्कं करू. सुईवर एक वेढा घ्या, सुई टाक्यात घाला, दोरा ओढून घ्या. सुईवर तीन फास दिसतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. अमेरिकी नमुन्यांत याला डबल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यांत ट्रेबल. ब्रिटिश लोक ज्याला डबल म्हणतात तो टाका याहून खूपच बुटका असतो. त्यामुळे नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे न पाहता विणायला बसलात तर घरं चपटी होतात आणि आपलं नेमकं काय चुकतंय ते कळत नाही.

आता घर. रिकाम्या घरात एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुढचा खांब. भरलेल्या घरात त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. शेजारच्या दोन घरांची मधली भिंत एकच असते, म्हणजे शेवटचा खांब पुढच्या घराचाही पहिला खांब असतो. नवख्यांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. एकटं भरलेलं घर म्हणजे ४ खांब. लागून दोन असतील तर ८ नव्हे, ७. तीन असतील तर १०. घरांची संख्या गुणिले ३, अधिक १. हे एवढं पाठ करा.

पायाची साखळीही याच हिशोबाने निघते. पहिल्या ओळीचं पहिलं घर रिकामं असेल तर घरं गुणिले ३, अधिक ५, आणि पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. पहिलं घर भरलेलं असेल तर घरं गुणिले ३, अधिक ३, आणि पहिला खांब चौथ्या साखळीत. म्हणजे ६० घरांच्या चित्राला १८५ किंवा १८३ साखळ्या. एवढ्या मोजताना दर ३० साखळ्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधा. पाच-सहा साखळ्या जास्तच घाला, उरलेल्या नंतर सुरुवातीच्या गाठीकडून उसवता येतात. कमी पडल्या तर मात्र सगळं पुन्हा. पायाची साखळी घट्ट होऊन खालची कड आवळली जात असेल तर ती तेवढी एक नंबर मोठ्या सुईने घाला.

पहिला नमुना : सात घरांचा हिरा

वाचून जे कळत नाही ते विणून कळतं, म्हणून हा छोटा तुकडा आजच करून बघा. चौकटीच्या वहीत सात बाय सात घरं आखा. मधल्या ओळीत मधली पाच घरं काळी करा, तिच्या वर आणि खाली तीन-तीन, त्यांच्या पलीकडे एक-एक. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची ओळ कोरी ठेवा.

२६ साखळ्या घाला. सुईपासून आठव्या साखळीत खांब, हे पहिलं घर. मग २ साखळ्या, २ सोडून खांब, असं आणखी सहा वेळा. सात रिकामी घरं झाली.

काम वळवा. ५ साखळ्या घाला. त्यातल्या पहिल्या तीन म्हणजे खांब आणि पुढच्या दोन म्हणजे घराचं छत. खालच्या पुढच्या खांबावर खांब घाला. अशी तीन रिकामी घरं झाली की मधलं घर भरायचं, साखळीच्या पोकळीत दोन खांब आणि पुढच्या खांबावर एक. थांबून मोजा, लागोपाठ ४ खांब दिसायला हवेत. मग तीन रिकामी घरं. ओळीचा शेवटचा खांब खालच्या ओळीच्या वळणाच्या साखळ्यांपैकी तिसरीत घालायचा असतो. हा खांब हमखास विसरला जातो. प्रत्येक ओळीत तो राहत गेला की एक-एक घर कमी होतं आणि काम निमुळतं होत जातं. ‘माझा चौकोन तिरका का होतोय?’ या प्रश्नाचं उत्तर दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

तिसऱ्या ओळीत दोन रिकामी घरं, लागोपाठ १० खांब, दोन रिकामी. चौथीत एक रिकामं, १६ खांब, एक रिकामं. पाचवी तिसरीसारखी, सहावी दुसरीसारखी, सातवी पहिलीसारखी सगळी रिकामी. भरलेल्या घरावर रिकामं घर आलं की खांब, २ साखळ्या, मधले दोन खांब सोडून पुढच्या खांबावर खांब. भरलेल्यावर भरलेलं आलं तर खांबावर खांब. ओळ भरलेल्या घराने सुरू होत असेल तेव्हा वळताना ५ ऐवजी ३ च साखळ्या लागतात. या नमुन्यात ती वेळ येत नाही, पुढच्या कामात येईल.

साखळीच्या पोकळीत खांब घालण्याऐवजी साखळीच्या टाक्यातच सुई घालता येते. वेळ जास्त लागतो, पण भरलेलं घर जास्त रेखीव दिसतं. टेबलावर पसरायच्या कामाला आम्ही ही पद्धत वापरतो, रोज हाताळायच्या पिशवीला पोकळीची पद्धत पुरते.

तक्ता वाचताना

तक्ता खालून वर वाचायचा. उजव्या हाताने विणत असाल तर पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, अशी नांगरासारखी. डावखुऱ्यांनी याच्या उलट. हिरा दोन्हीकडून सारखाच असल्याने वरच्या नमुन्यात दिशा चुकली तरी बिघडत नाही, म्हणून तो पहिला दिला आहे. अक्षरं विणताना मात्र दिशा चुकली तर ती आरशातल्यासारखी उलटी येतात.

चालू ओळीच्या लगेच वर एक पट्टी किंवा जाड कागद ठेवा, म्हणजे विणून झालेला भाग दिसत राहतो आणि पुढचा झाकला जातो. प्रत्येक ओळ संपली की ती तपासा, मगच वळा. आमच्याकडच्या एका पडद्याच्या पट्टीत अकराव्या ओळीतलं एक घर भरायचं राहिलं होतं आणि ते लक्षात आलं चाळिसाव्या ओळीला. एकोणतीस ओळी उसवाव्या लागल्या, कारण चित्रातल्या पानाच्या मध्यभागी पडलेलं ते भोक पहिल्या नजरेतच खुपत होतं. तेव्हापासून ओळ तपासल्याशिवाय आम्ही काम वळवत नाही.

घर चौकोनी होत नसेल तर

मोठं काम हाती घेण्याआधी १० घरं आणि १० ओळींचा तुकडा विणून मोजा. रुंदी आणि उंची सारखी आली तर उत्तम. उंची जास्त आली तर गोल फूल अंड्यासारखं लांबट दिसेल. कमी आली तर दबलेलं दिसेल. बहुतेक वेळा हे हाताच्या सवयीमुळे होतं. खांबाचा पहिला फास किती वर ओढता त्यावर खांबाची उंची ठरते, तो थोडा कमी-जास्त ओढून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर सुई बदला. काही नमुने दोनऐवजी एकच साखळी घालून केलेल्या घरांचे असतात. ती घरं अरुंद आणि उभट होतात, त्यामुळे दोन साखळ्यांचा तक्ता त्यांत तसाच वापरू नका.

याच तुकड्यावरून मापही निघतं. १० घरं ५ सेंटिमीटर भरली तर ६० घरांचं चित्र ३० सेंटिमीटर रुंद होणार.

धुणं आणि ताणणं

सुईवरून उतरलेलं काम वेडंवाकडं दिसतं. ते बघून नाराज होऊ नका. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. जाड पुठ्ठ्यावर किंवा फोमवर स्वच्छ कापड टाकून त्यावर काम ओलंच पसरा आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी आधी चारही कोपरे, मग कडांचे मध्यबिंदू आणि शेवटी मधल्या जागा टोचून ताणून ठेवा. कोपरे काटकोनात आहेत ना ते पट्टी लावून बघा. चौकोन ताठ हवे असतील तर पातळ स्टार्च लावा. पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत.

खाली गडद कापड ठेवून बघाल तेव्हा चित्र सगळ्यात ठळक उठून दिसेल.

काम पूर्ण झाल्यावर उरलेल्या दोऱ्यातला चार-पाच मीटरचा तुकडा कामासोबतच धुऊन जपून ठेवा. वर्षांनी एखादा खांब तुटला तर त्याच दोऱ्याने, इतक्याच धुण्यांनी जुन्या झालेल्या रंगात, तो भरता येतो.