शून्य सावलीचे छायाचित्रण (नागपूर)

सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. त्या काही मिनिटांत घेतलेल्या छायाचित्रांना शून्य सावलीचे छायाचित्रण म्हणतात. नागपुरात ही संधी वर्षातून दोनदा येते : २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी आणि १७ जुलैच्या सुमारास १२ वाजून २० मिनिटांनी. रणरणत्या उन्हात बाटली उभी आहे आणि फरशीवर सावलीचा मागमूस नाही, असे चित्र पाहिले की संगणकावर सावली पुसल्याची शंका येतेच. खरे तर त्यात पुसण्यासारखे काही नसते.

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला तेवढाच सरकतो. त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे हे कोनीय अंतर, ज्या दिवशी गावाच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी मध्यान्ही तो गावाच्या थेट माथ्यावर असतो. नागपूरचा अक्षांश २१.१५ अंश उत्तर. महाराष्ट्रात मेच्या सुरुवातीला दक्षिण टोकापासून शून्य सावलीची रेघ उत्तरेकडे सरकू लागते : पुण्यात १३-१४ मे, चंद्रपुरात २० मे, अमरावतीत २५ मे आणि मग नागपूर. कर्कवृत्ताच्या पलीकडच्या दिल्लीत हा दिवस कधीच येत नाही. नागपूरकरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की सूर्य साधारण २५ मे रोजी रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. म्हणजे शून्य सावली आणि नवतपा हातात हात घालून येतात. पारा ४५ अंशांपुढे जाण्याचे नवल नाही, मोबाइल तापून बंद पडतो, उन्हात स्क्रीन दिसत नाही. डोक्याला दुपट्टा आणि जवळ पाणी ही इथे कॅमेऱ्याइतकीच गरजेची सामग्री.

घड्याळात बारा वाजले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नागपूर ७९.१ अंशांवर, म्हणून इथला मध्यान्ह साडेतेरा मिनिटे उशिरा होतो. मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या सुमारे तीन मिनिटे पुढे असतो, ती वजा केली की १२.१० उरतात. तारखेच्या बाबतीत मात्र निसर्ग उदार आहे. या दिवसांत क्रांती रोज जेमतेम एक षष्ठांश अंशाने बदलते आणि सूर्यबिंबाची रुंदीच अर्धा अंश असते, त्यामुळे २५ आणि २७ मेचे चित्रही डोळ्याला तितकेच शून्य दिसते. मिनिटांचे तसे नाही. चार मिनिटांत सूर्य जवळजवळ एक अंश सरकतो. एक मीटरच्या काठीची सावली १२.२० वाजता चार सेंटीमीटर झालेली असते.

वस्तू निवडताना बुड रुंद आणि माथा निमुळता असे काही घेऊ नये. नागपुरातल्या झिरो माईल या स्मारकाचा वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याचे चार घोडे पाहून तिथे कॅमेरा लावण्याचा मोह होतो. पण निमुळत्या वस्तूची सावली मध्यान्हाच्या आधीच तिच्या पायावर विरून जाते आणि चित्रातून काही सिद्ध होत नाही. वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची वस्तू हवी : स्टीलचा पेला, पाण्याची बाटली, आणि सर्वांत देखणा म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा पाइप. तो विटांच्या तुकड्यांवर थोडा उचलून धरला की आतून उतरलेले ऊन खाली लख्ख गोल काढते आणि भोवती सावलीचे बारीक कडे उरते. जमिनीला पाणसळ लावून आणि वस्तूला ओळंबा धरून दोन्ही तपासावीत. एका अंशाचा कल राहिला तरी सावली डोकावते. कॅमेरा थेट वर धरला तर त्याचीच सावली वस्तूवर पडते, म्हणून तिरकस कोनातून टिपावे. पांढऱ्या फरशीमुळे कॅमेरा चित्र काळवंडून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर एक टप्पा वाढवावे.

एकटे चित्र फसवे ठरू शकते. ढगाळ दिवशीही सावली नसते आणि मोबाइलवर ती पुसणे तर आता पोरखेळ झाला आहे. खऱ्या चित्रात माणसाच्या भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली गडद छाया असते. ती नसेल तर खुशाल शंका घ्यावी. एकाच जागेवरून ११.५०, १२.१० आणि १२.३० अशी तीन चित्रे घेतली की पश्चिमेची सावली आत जाताना आणि पूर्वेला बाहेर पडताना दिसते. माझ्या मते हीच या प्रकारातली सर्वांत सुंदर रचना आहे.

हवाई बेटांवरचे होनोलुलू २१.३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नागपूरच्याच अक्षांशावर आहे. तिथे शिल्पकार इसामु नोगुची यांचे ‘स्काय गेट’ हे वरखाली वळणे घेणारे शिल्प आहे. एरवी त्याची सावली वेडीवाकडी पडते, शून्य सावलीच्या क्षणी ती स्वच्छ वर्तुळ होते. वरून पाहिल्यास गोल दिसेल अशी जाड तार वाकवली तर हाच प्रयोग नागपुरातल्या गच्चीवरही जमतो.

दिल्लीतल्या एखाद्या मित्राला सोबत घेतले तर चित्राला आणखी वजन येते. २६ मे रोजी दिल्लीच्या मध्यान्ही, १२.१८ च्या सुमारास, एक मीटरच्या काठीची सावली १३ सेंटीमीटर असते, म्हणजे सूर्य माथ्यापासून साडेसात अंश दूर. दोन्ही शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे ८३० किलोमीटर. साडेसात अंशांना ८३०, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतो. दोन हजार वर्षांहून आधी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या सायीनी आणि अलेक्झांड्रिया या शहरांच्या सावल्यांवरून हाच हिशेब केला होता, आणि त्याचा कोनही सव्वासात अंशांच्या आसपासच होता. नागपूर-दिल्लीची जोडी शाळांना आयती मिळालेली आहे.

जुलैतली संधी बहुधा ढगांत जाते. मात्र २६ मे ते १७ जुलै या काळात नागपुरात सूर्य मध्यान्ही माथ्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला एक मीटरच्या काठीची ही सावली सुमारे चार सेंटीमीटर भरते. पावसाने उघडीप दिली तर तिचेही चित्र घ्यावे, आणि दिशा ओळखू यावी म्हणून चौकटीत होकायंत्र ठेवावे.