‘यादी द्या’ प्रश्न आणि कम्युनिटी विकीचा घोळ

प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर ‘नागपुरात तर्री पोहे कुठं चांगले मिळतात?’ असं विचारलं की चाळीस उत्तरं पडतात, एकेका ओळीची: ठेला अमुक, चौक तमुक. चुकीचं त्यातलं एकही नसतं, म्हणून मतं ओळखीच्या ठेल्याला जातात आणि आधी आलेलं उत्तर वर बसतं. ठेला उठला तरी ओळ तशीच राहते. शिवाय प्रत्येक नव्या उत्तरासरशी प्रश्न पुन्हा पहिल्या पानावर.

२००८ साली सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-स्थळावर असे ‘यादी द्या’ प्रश्न सुरुवातीला उदंड झाले. उत्तराला पडलेल्या एका मताचे लेखकाला गुण १०, मग ते उत्तर रात्र जागून शोधलेल्या बगचं (प्रोग्राममधल्या चुकीचं) असो की चिकटवलेल्या व्यंगचित्राचं. खरं दुखणं यादीचं नव्हतंच, या १० गुणांचं होतं.

त्यावर तोडगा म्हणून वापरली गेली कम्युनिटी विकी. मुळात ती सोय वेगळ्याच कामासाठी, एक मजकूर अनेकांनी मिळून सुधारावा म्हणून. एरवी दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करायला २००० गुण लागायचे, इथे १०० पुरायचे. बदल्यात लेखकाला गुण नाहीत. ही शेवटची अट सगळ्यांनी उचलली आणि बाकीचं विसरले. तिशीपर्यंत उत्तरं गेली की प्रश्न आपोआप विकी होई. आपलंच उत्तर दहाएक वेळा सुधारणाराही त्यात सापडे, म्हणजे नेटकं लिहिण्याची शिक्षाच. आणि चाळीस उत्तरांची विकी केली म्हणून एक सामायिक यादी थोडीच होते? चाळीस सुट्या विक्या होतात. २०१० मध्ये विचारणाऱ्याच्या हातून हा पर्याय काढून नियंत्रकांकडे दिला. आपोआप होणारं रूपांतरही पुढे थांबलं. गणितज्ञांनी मात्र त्यांच्या ‘मॅथओव्हरफ्लो’ या स्थळावर ‘एका उत्तरात एकच नोंद’ असा दंडक घालून याद्या बऱ्या चालवल्या.

२०१३ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न बंद करण्याची, म्हणजे त्यावर नवी उत्तरं थांबवण्याची, कारणं नव्यानं लिहिली गेली. ‘यादी’ हे कारण त्यातही नव्हतं. ती ‘फार व्यापक’ किंवा ‘मतावर आधारित’मध्ये कोंबावी लागायची, वाद तिथंच पेटायचा. २०१९ पासून बंद करायला पाचऐवजी तीन मतं पुरतात, मतदाराकडे ३००० गुण हवेत.

‘सीताबर्डी मेट्रो स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत, सकाळी सातला, बिनलसणाची तर्री कुठं?’ असं बांधलं की उत्तरं दोन-तीन येतात आणि पडताळता येतात. जुनाच प्रश्न असा बदलू नये. खालची चाळीस उत्तरं विनाकारण चुकीची ठरतात. नवा विचारावा.